व्हॉल्व्ह लाल होईस्तोवर

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चांगला का ट्रान्झिस्टरचा, असं मला कुणी विचारलं की मी एका शब्दात सांगतो, व्हॉल्व्हचा. गंगावेशीतल्या आमच्या दुधाच्या कट्ट्यावर बसून मी हे इतकी वर्षं सांगत आलोय की आता या वयात शब्द फिरवायचा माझा विचार नाही. पण सांगून झालं, विचारणारा गेला, की माझ्या डोक्यात जे सुरू होतं ते कट्ट्यावर बोलण्यासारखं नाही. मिस्त्री असते तर त्यांनाच धरून विचारलं असतं. ते नाहीत. आणि असते तरी सरळ उत्तर दिलं असतं याची मला खात्री नाही.

मिस्त्री म्हणजे लक्ष्मीपुरीतले रेडिओवाले. धान्याच्या बाजारामागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, आत दोन माणसं बसली तर तिसऱ्यानं पायरीवर बसायचं. वर निळ्या पत्र्याची पाटी, तिच्यावर पिवळ्या अक्षरात लिहिलेलं, 'येथे रेडिओ बोलते करून मिळतील'. दुरुस्त नव्हे, बोलते. त्या पाटीचा त्यांना फार अभिमान. दर शुक्रवारी दुपारी नमाजाला जाताना दुकान बंद करायचे आणि चार पावलं जाऊन परत मागं वळून पाटी बघायचे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आत पाऊल टाकून तोंड उघडतोय तोवर त्यांनी हात वर केला. "बसा पावणं," म्हणाले. "कानात रस्ता भरून आणलाय तुमी. त्यो आदी सांडू दे."

आणि खरोखर दहा मिनिटं मला नुसतं बसवून ठेवलं. हमालांचा, टांग्यांचा, ट्रकांचा गलका कानात घेऊन आलेल्या माणसाला गाणं ऐकवणं म्हणजे उष्ट्या ताटात जेवण वाढणं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो. एकदा माझ्यासमोर एक फौजदार आला होता, त्यालाही बसवला. फौजदार बसला. मी कुणाच्या सांगण्यावरून बसणारा माणूस नव्हे. तालमीत वस्तादानं बस म्हटलं तरी मी चार बैठका जास्त मारून मगच बसायचो. पण तिथं बसलो. का बसलो, ते मला त्या दिवशीही कळलं नव्हतं.

मी गेलो होतो दोन पेट्यांपायी. ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यात मी दूध घालायचो. ती मंडळी पुण्याला राहायला निघाली आणि घरातलं सामान काढायला लागली. त्यात कमरेएवढ्या दोन स्पीकरच्या पेट्या होत्या, परदेशी, पॉलिश केलेलं लाकूड, पुढं कापड लावलेलं. सोबत रेकॉर्ड प्लेअर आणि सनईची एक तबकडी. त्यांचा अँप्लिफायर आधीच जळून गेलेला, त्यामुळं पेट्या मुक्या. मी त्या बैलगाडीत घालून घरी आणल्या. आमच्या मंडळी म्हणाल्या, कडबा आणायला गेलेला माणूस कपाटं घेऊन आला. मी म्हटलं, बघ तू.

कारण असं होतं की आमच्या समोरच्या कट्ट्यावर रेडिओ आला होता. लोक उभे राहायचे माझ्याकडं, पेला माझा, दूध माझ्या म्हशीचं, आणि मान मात्र समोर वाकडी. हे मला बघवत नव्हतं.

मिस्त्री पेट्या बघायला घरी आले. आल्या आल्या दोन्ही पेट्यांची तोंडं त्यांनी भिंतीकडं फिरवून ठेवली. "दुसऱ्याच्या घरातनं आल्यात," म्हणाले. "आठ दिवस असू द्या अशाच. हितली हवा लागू दे."

आमच्या घरात सगळे हसले. मी नाही हसलो. बाजारातनं आणलेली म्हैस नव्या गोठ्यात आठ दिवस धड दूध देत नाही, हे मला ठाऊक होतं. जुनी म्हैस घेणं आणि जुने स्पीकर घेणं यात मला काही फरक दिसला नाही. मिस्त्रींनी पुढचं कापड जरा सैल करून आतला कागद बोटांच्या टोकांनी दाबून बघितला, अगदी मी कास चाचपतो तसा. मग म्हणाले, "कमी खाणाऱ्या पेट्या हायत ह्या. थोडक्यात बोलत्यात. ह्यास्नी ताकद नगं, समजूत पायजे."

आता समजूत कोण घालणार, इथंच घोडं अडलं.

त्यांच्या दुकानात दोन अँप्लिफायर होते. एक व्हॉल्व्हचा, बंद पडलेल्या एका तंबूतल्या सिनेमाचा, बैठा लोखंडी डबा आणि वर जाळीच्या आड चार काचा, तेच व्हॉल्व्ह. चालू केला की अर्ध्या मिनिटानं त्या काचा आतून लाल व्हायच्या आणि मग आवाज यायचा. दुसरा ट्रान्झिस्टरचा, त्यांनी स्वतः बांधलेला, जेवणाच्या डब्यात मावेल एवढा. त्याला ना ऊब, ना वाट बघणं. बटण दाबलं की बोलला.

आता मिस्त्रींचं असं, की ट्रान्झिस्टर घरोघरी यायला लागले तेव्हापासून ते ट्रान्झिस्टरला शिव्या देत आले होते. 'तीन तंगड्याचं' म्हणायचे त्याला, आतल्या दाण्याला पाय तीन म्हणून. काच तापल्याशिवाय गाणं शिजत नाही, हे त्यांचं वाक्य लक्ष्मीपुरीतल्या हमालालाही पाठ. लोक त्यांना विचारून रेडिओ घ्यायचे आणि त्यांच्या शब्दावर कित्येकांनी नवं न घेता जुनी खोकी चालवली होती. एखाद्यानं ट्रान्झिस्टर दुरुस्तीला आणला तर त्याला पायरीवरूनच परत पाठवायचे. त्यांचा धंदा म्हणजे हा शब्दच होता, पाटी नुसती नावाला. मग एकदा त्यांच्या मनात आलं की नुसत्या शिव्या देण्यापेक्षा एक स्वतः बांधावा आणि त्यातली खोट लोकांना दाखवावी. तो बांधला, आणि तिथं माणूस फसला.

"खोट काढायला केला," मला म्हणाले, "आन् खोट निघंना."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जसं कुणी घरातल्या माणसाचं दुखणं सांगतं. डोळे मिटून ऐकून झालं होतं. डोक्यावर ओला पंचा घेऊन ऐकून झालं होतं. जेवणाआधी, जेवणानंतर. आज व्हॉल्व्ह गोड लागायचा, उद्या दोन्हीत काही फरक कळायचा नाही, परवा तर तीन तंगड्याचाच बरा वाटायचा, आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. कोणता चालू आहे ते आपल्याला कळू नये म्हणून बायकोला, आमच्या भाभींना, बटण दाबायला लावायचे. भाभींनी वैतागून एकदा दुकानातल्या स्पीकरची एक पेटी याला आणि एक त्याला जोडून दिली. तर म्हणे त्या दिवशी सगळ्यात छान लागलं.

मी म्हटलं, मिस्त्री, मला कुठलाही द्या, मला काही फरक पडत नाही. तर माझ्यावर डोळे काढले. "कुठला द्यायचा ते मलाच कळंना झालंय, तुमाला कसा दिऊ?" मग म्हणाले, "ह्यो तीन तंगड्याचा जर खरा निघाला ना पावणं, तर पाटी उतरवणार बगा मी. इतकी वर्सं लोकास्नी खोटं सांगून दुकान चालवल्यागत झालं की."

माणूस खरं बोलत होता. त्यांच्या पाटीवर माझ्या पेट्या अडकल्या. दोन महिने गेले. दुसरा कुणीही मेकॅनिक मला चार दिवसांत अँप्लिफायर देऊन मोकळा झाला असता, पण मीही हट्टाला पेटलो. यांच्याकडूनच घेणार.

त्या दोन महिन्यांत मी रोज दुपारी त्यांच्याकडं जाऊन बसायला लागलो. ऐकायची त्यांची एक तऱ्हा होती. लांब पेचकस घ्यायचे, लाकडी मूठ दातात धरायचे आणि टोक अँप्लिफायरच्या लोखंडाला लावायचे. डोळे मिटलेले, गाल थरथरतायत. कान गल्लीचं ऐकतो, दात फक्त डब्याचं ऐकतात, असं सांगायचे. पुढचे दोन दात त्यापायी झिजले होते. गाणं लागलं असताना कुणी पायानं ठेका धरला की खटकन वायर उपटायचे. "तुमचा पाय ऐकायलाय, कान न्हाई," म्हणायचे. माझा पाय तीनदा धरला त्यांनी. चौथ्यांदा मी मांडी घालून बसलो.

मग पाडवा आला. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, मालकानं आपली फटफटी घ्यायची, तिचा सायलेन्सर काढून टाकायचा, आणि म्हशीनं त्या आवाजाच्या मागं पळायचं. दोर नाही, काठी नाही. त्या वर्षी आमच्या गल्लीत आठ-दहा फटफट्या एकदम सुरू होत्या, कानाचे पडदे फाटतील असा आवाज. माझी म्हैस मधोमध उभी, नुसता एक कान हलवत. बाकीच्या गाड्या तिच्या तोंडापुढनं गेल्या तरी ती जागची हलली नाही. माझी फटफटी मागून निघाली आणि ही जी सुटली ती थेट माझ्या चाकाला लागून.

मिस्त्री रस्त्याकडेला उभे होते. लोक ओरडत होते, गुलाल उधळत होते, हा माणूस नुसता बघतोय. मी परत फिरलो तर माझी फटफटी धरून म्हणाले, "ही म्हैस मला आठ दिवस द्या."

"कशाला?"

"ऐकायला."

पुढं दोनच आठवड्यांत त्या म्हशीचं रेडकू गेलं. पोटफुगी झाली आणि एका दिवसात गेलं. म्हशीनं दूध चोरायला सुरुवात केली. लोक पेला धरून उभे आणि ही कास आवळून. आमच्याकडं गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाचं दूध पेल्यात द्यायचं, तीच तर कट्ट्याची शान. म्हणून मग रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं ठेवायला लागलो. ती त्याला चाटायची, कधी पान्हा सोडायची, कधी नाही. मिस्त्रींना हे कळल्यावर ते म्हणाले, आता तर हिचाच कान पाहिजे. हिला कुणी सांगितलेलं नाही व्हॉल्व्ह काय आणि ट्रान्झिस्टर काय. हिनं ज्याला पान्हा सोडला तो खरा. मला पटलं. आता हसू येतं, पण तेव्हा पटलं.

कट्ट्यामागच्या गोठ्यात पेट्या आणून तोंड पुढं करून ठेवल्या. दोन्ही अँप्लिफायर एका खोक्यात, वर पोतं, दोन्ही सतत चालू, म्हणजे काच तापायची वाट बघण्यावरनं कुणाला ओळखू येऊ नये. आवाज कुठल्याचा सोडायचा ते बटण मिस्त्रींच्या हातात, पोत्याखाली. मी धारेला बसायचो, ते सनई लावायचे. सोबत तांब्याची एक तार आणलेली. एक अँप्लिफायर लावला की तारेला एक गाठ मारायची, दुसरा लावला की दोन गाठी. म्हशीनं पेंढ्याच्या रेडकाशिवाय दूध सोडलं तर त्या गाठीवर घरी जाऊन शिशाचा एक थेंब ठेवायचा. एक म्हणजे कुठला आणि दोन म्हणजे कुठला, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मलाही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, तुमी सांगाल तिच्या कानात.

म्हैस कधी सोडायची, कधी नाही. सनई सुरू झाली की कान फिरवायची, आणि काही वेळा सरळ उभी राहून दूध असं सोडायची की चरवी भरून वाहायची. काही वेळा मान वळवून रेडकू शोधायची. मी मनात ठरवून टाकलं होतं की जेव्हा सोडते तेव्हा व्हॉल्व्ह असणार.

चौथ्या दिवशी आमच्या मंडळी वैरण टाकायला आल्या, जरा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एक इचारू? पेंढा भरलेल्या रेडकाला फसती ती म्हैस. तिला काय कळतंय खरं कुठलं न् खोटं कुठलं?"

मिस्त्रींच्या हातातली तार तशीच राहिली. मी बायकोवर ओरडलो. त्यांनी गाठ मारली आणि निघाले. त्या दिवशी संध्याकाळी आलेच नाहीत. मला वाटलं संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आले, तडक चुलीपाशी गेले आणि तिला म्हणाले, "वैनी, तुमचं बोलणं डोस्क्यातनं जाईना. पर मला सांगा, पेंढा हाय हे तिला कळत न्हाई, कशावरनं? कळत असंल. तरी बी सोडत असंल."

बायको म्हणाली, चहा घ्या.

आठव्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर ही गर्दी. म्हशीच्या निकालाची बातमी पार रंकाळ्यापर्यंत गेली होती. समोरचा कट्टेवाला स्वतःचा रेडिओ बंद करून आला होता. शेवटची धार झाली, मिस्त्रींनी गाठ मारली आणि तार हातात धरून दिव्याखाली बसले. बराच वेळ बसले. एका टोकाकडून बोट फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत जायचे, परत पहिल्यापासून. मग मान वर करून मलाच विचारलं, "तुमाला काय वाटतंय, पावणं?"

आता एवढ्या लोकांत मला विचारल्यावर मी काय गप्प बसणार?

"व्हॉल्व्ह," मी म्हटलं. "म्हैस माझी हाय, तिचं मला कळतंय. व्हॉल्व्ह नसंल तर उद्यापासनं ह्या कट्ट्यावर मी धारंला बसायचा न्हाई."

कुणी मला असं बोलायला सांगितलं नव्हतं. पण बोललो ते बोललो. मिस्त्रींनी तारेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग म्हशीकडं. समोरचा कट्टेवाला पुढं सरकला.

"व्हॉल्व्हच," मिस्त्री म्हणाले. अगदी हळू म्हणाले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांनी तार बोटाभोवती गुंडाळून खिशात टाकली आणि निघून गेले. रोज एक पेला दूध घेतल्याशिवाय जात नव्हते. त्या दिवशी पेला तसाच राहिला. मला वाटलं, इतकी वर्षं धरलेला शब्द खरा ठरला, माणूस भरून आला असेल.

चार दिवसांनी अँप्लिफायर घेऊन आले. तोच बैठा लोखंडी डबा, वर जाळीच्या आड त्याच चार काचा. खालचा पत्रा मात्र चारी बाजूंनी शिसं ओतून बंद केलेला. दोन गोष्टी बजावल्या. काचा लाल होईस्तोवर सुई तबकडीवर ठेवायची नाही. आणि डबा कुणाकडूनही उघडायचा नाही. "उघडलासा तर बिगडंल," म्हणाले. मी म्हटलं, माझ्या कट्ट्यावर कुणाची छाती आहे?

त्यानंतर महिन्याभरानं लक्ष्मीपुरीत गेलो तर दुकानावर पाटी नाही. मी विचारलं. म्हणाले, रंगवायला काढलीय. पुढच्या वेळी विचारलं, तेच. वर्षानं विचारलं, तेच. नुसते दोन खिळे राहिले होते भिंतीला. असलं कसलं रंगवणं, म्हणून मी पेंटरला शिव्या दिल्या.

आणखी एक. कुणी रेडिओ घ्यायचा म्हणून विचारायला आला, की हे पूर्वी तासभर बोलायचे ते आता म्हणायला लागले, "तुमाला गोड लागंल ते घ्या." मी समोर बसलेला असायचो. मला राग यायचा. म्हटलं, अहो, माझ्या म्हशीनं आठ दिवस खपून निकाल दिलाय, तो सांगा की लोकांना. तर माझ्याकडं बघून हसायचे आणि पेचकस दातात धरायचे. दातात पेचकस असला की बोलता येत नाही.

कट्टा मात्र चालला. रोज सकाळी आणि संध्याकाळी मी बटण दाबायचो, काचा लाल व्हायची वाट बघायचो. गिऱ्हाइकंही पेला धरून वाट बघायची. मी सांगायचो, बघा, आता शिजतंय. लाल झालं की सनई. म्हैस कान फिरवायची आणि सोडायची. पेंढ्याचं रेडकू माळ्यावर टाकलं ते टाकलंच. समोरच्यानं पुढं मोठा ट्रान्झिस्टर आणला, माझ्या दुप्पट आवाजाचा. मी लोकांना म्हणायचो, आवाज ऐकायचा असेल तर तिकडं जा, गाणं ऐकायचं असेल तर इकडं या. तोंडावर सांगायचो.

दरवर्षी पाडव्याच्या आधी मिस्त्री येऊन डबा एक दिवस दुकानात घेऊन जायचे, साफ करून आणायचे. शेवटच्या वर्षी आले तेव्हा फार खंगले होते. लेकीकडं मिरजेला चालले होते कायमचे. पेला घेतला, पूर्ण प्याले, मग पेचकस काढून दातात धरला आणि टोक पेटीला लावून सनई संपेपर्यंत उभे राहिले. संपल्यावर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता असंच. बोलतंय न्हवं?"

मी म्हटलं, बोलतंय.

तिकडंच गेले ते. कळेपर्यंत महिना होऊन गेला होता.

पुढं चार-पाच वर्षं गेली. ती म्हैसही गेली, तिची लेक कट्ट्यावर उभी राहायला लागली. घरोघरी टीव्ही आले. एका सकाळी बटण दाबलं, काचा लाल झाल्या, सुई ठेवली, आणि जरा वेळानं बघतो तर जाळीआडची एक काच काळी. बाकी तीन लाल, आणि ही विझलेली. मला वाटलं आता आवाज तुटणार. सनई चालूच. कालच्यासारखीच, तसूभर कमी नाही, जास्त नाही. मी कान लावला. म्हशीनं कान फिरवला आणि सोडलं. आता हे काय? मिस्त्रींनी मला एकदा सांगितलं होतं, चारही काचा एकमेकींच्या आधारानं उभ्या असतात, एक गेली की बाकीच्या मुक्या. मग ही कशी बोलतेय?

तीन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी डबा पिशवीत घालून राजारामपुरीतल्या एका मेकॅनिककडं गेलो. चाळिशीचा माणूस, टीव्ही दुरुस्त करणारा, बोलण्याचालण्यात बरा. मी त्याला म्हटलं, उघड, पण मी समोर बसणार. त्यानं शिसं वितळवून खालचा पत्रा काढला.

आत बोटभर रुंदीची एक पट्टी होती, आणि तिच्यावर तीन-तीन पायांचे दाणे बसवलेले.

मेकॅनिक आत बघून म्हणाला, "काका, ह्यो तर ट्रान्झिस्टरचा हाय. वरच्या काचा नुसत्या पेटत्यात. गाण्याशी त्यांचा काय संबंध न्हाई."

मी म्हटलं, परत बघ. त्यानं बघितलं. तेच.

पट्टीच्या कडेला तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती. मी ती सोडवून घेतली. पंधरा ठिकाणी गाठी. आठ दिवसांच्या सोळा धारा, त्यातल्या एका संध्याकाळी मिस्त्री आले नव्हते, म्हणजे पंधरा बरोबर. कुठं एक गाठ, कुठं दोन. शिशाचे थेंब जवळजवळ सगळे दोन गाठींवर, एकच काय तो एकेरीवर. म्हणजे म्हशीनं निवडलं होतं. दोन गाठींच्या अँप्लिफायरला तिनं दूध सोडलं होतं. आता दोन गाठी म्हणजे व्हॉल्व्ह, का दोन गाठी म्हणजे तीन तंगड्याचा? ते त्यांनाच ठाऊक.

ती तार हातात धरून मी त्या दुकानात किती वेळ बसलो कुणास ठाऊक. निकाल ट्रान्झिस्टरच्या बाजूनं लागला असेल, आणि मी भर कट्ट्यावर शपथ घेऊन बसलो म्हणून त्या माणसानं माझ्यासाठी तोंडानं व्हॉल्व्ह म्हटलं असेल, आत खरं ते घातलं असेल आणि घरी जाऊन आपली पाटी उतरवली असेल. मग दोन खिळे कशाचे ते कळतं. पण मग मी म्हणतो, व्हॉल्व्हच जिंकला असेल, त्यांनी मला व्हॉल्व्हच दिला असेल, आणि पुढं बाजारात काचा मिळेनात म्हणून एखाद्या पाडव्याला साफ करायला नेला तेव्हा आतलं बदललं असेल. दरवर्षी न्यायचेच की. मग पाटी? पाटी खरंच रंगवायला काढली असेल. पेंटर काय, वर्षवर्ष लावतात. एकाला धरलं की दुसरं निसटतं. त्यातून मी रोज सकाळ-संध्याकाळ सांगत होतो, आता शिजतंय, आता शिजतंय. ते मुळातच शिजत नव्हतं, का मधेच कधी बंद झालं? आणि म्हशीनं इतकी वर्षं कशाला सोडलं?

मेकॅनिक म्हणाला, "काका, वरच्या काचा काढून टाकतो. लाईट बिल तरी वाचंल. बटण दाबल्या दाबल्या बोलंल."

मी म्हटलं, "काळी झालीय ती काच बदल."

"अहो, पर तिचा काय उपयोग न्हाई."

"बदल म्हटलं न्हवं."

त्याला असली काच शोधायला आठ दिवस लागले. कुठल्याशा जुन्या रेडिओतली काढून आणली. बसवली. तार मी जिथं होती तिथं परत गुंडाळली आणि त्याला खालचा पत्रा शिसं ओतून बंद करायला लावला.

घरी येऊन डबा जागेवर ठेवला. संध्याकाळची वेळ, चार माणसं पेला धरून उभी. त्यातला एक नवा होता, विचारायला लागला, मामा, व्हॉल्व्ह का ट्रान्झिस्टर? मी सांगितलं, व्हॉल्व्ह. आमच्या मंडळी दाराशी उभ्या होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. म्हशीपुढं आंबोण ठेवून आत गेल्या.

मी बटण दाबलं. तो नवा माणूस म्हणाला, लावा की आता. मी म्हटलं, थांब. चार काचा हळूहळू उजळायला लागल्या. तीन लाल झाल्या. चौथी, नवी, जरा मागं होती. तीही लाल झाली.

मग मी सुई ठेवली.